रोलंड यूएम-वन एमके२: जुन्या पाच-पिनी कीबोर्डला लॅपटॉपची वाट

पैसे खर्च करण्याआधी कीबोर्ड भिंतीपासून ओढा आणि मागची बाजू पाहा. तिथे प्रिंटरला असतं तसं चौकोनी भोक असेल आणि वर 'यूएसबी टू होस्ट' लिहिलेलं असेल, तर जुना कीबोर्ड लॅपटॉपला जोडणारं हे यंत्र, यूएम-वन एमके२, तुम्हाला नको. प्रिंटरची साधी ए-टू-बी केबल आणा, लॅपटॉपला लावा, झालं. (यामाहाच्या काही मॉडेलना विंडोजवर यामाहाचा यूएसबी-मिडी ड्रायव्हर आधी टाकावा लागतो, एवढंच.) 'यूएसबी टू डिव्हाइस' लिहिलेलं चपटं भोक मात्र पेनड्राइव्हसाठी असतं. त्याला लॅपटॉप जोडून काही होत नाही, आणि नेमकी हीच चूक फार जण करतात.

चौकोनी भोक नाही, पण कमानीत पाच छिद्रं असलेली दोन गोल भोकं आहेत आणि त्यांवर 'मिडी इन' आणि 'मिडी आउट' लिहिलंय? मग पुढे वाचा. मिडी म्हणजे कोणती पट्टी कधी आणि किती जोरात दाबली, ही माहिती एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पाठवायची ठरलेली भाषा; त्यात प्रत्यक्ष आवाज जात नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेले आणि आता कपाटावर चादरीखाली पडून असलेले बरेच यामाहा-कॅसिओ या जातीचे आहेत. पट्ट्या आजच्या स्वस्त कंट्रोलरपेक्षा (स्वतःचा आवाज नसलेल्या, संगणकाला जोडायच्या कीबोर्डपेक्षा) चांगल्या असतात, अडचण फक्त जोडणीची. नुसतंच हेडफोनचं भोक असेल, तर मिडी विसरा. त्या कीबोर्डचा आवाज रेकॉर्ड होईल, पण कोणती पट्टी दाबली ही माहिती बाहेर काढता येणार नाही.

यूएम-वन एमके२ म्हणजे मधोमध छोटी डबी, तिच्या एका बाजूला यूएसबीचा चपटा प्लग आणि दुसऱ्या बाजूला दोन पाच-पिनी प्लग. वेगळा अ‍ॅडॅप्टर लागत नाही, वीज लॅपटॉपकडूनच मिळते. डबीवर चालू असल्याचा एक दिवा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या संदेशांचे दोन. बाजारात अगदी अशीच दिसणारी बिननावाची केबल काही शे रुपयांत मिळते आणि ही काही हजारांत जाते. वरचे पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न रास्त आहे.

उत्तर डबीच्या आत आहे. मिडीची व्यवस्था १९८३ साली ठरली, आणि तिच्यात एक शहाणपणाचा नियम घातला गेला: संदेश घेणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर हवाच. कीबोर्डकडून येणारा साधारण ५ मिलिअँपिअरचा प्रवाह आतला बारीक दिवा पेटवतो-विझवतो, समोरचा प्रकाशसंवेदक ती उघडझाप वाचतो, आणि दोन यंत्रांमध्ये तारेचा संबंध उरत नाही. त्यामुळे लॅपटॉपच्या चार्जरची घरघर या वाटेनं कीबोर्डात शिरत नाही. स्वस्त केबलींपैकी अनेकींत हा भाग गाळून, एखादा रोध लावून, तार थेट चिपला जोडलेली असते. एखाद्या कीबोर्डवर ती बिनतक्रार चालते, दुसऱ्यावर एकही सूर पोचत नाही, आणि दुकानदार सांगतो की तुमचा कीबोर्डच बिघडलाय.

दुसरा फरक संदेश साठवून ठेवण्याच्या जागेचा. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. एक स्वर दाबल्याचा संदेश तीन बाइटचा असतो, म्हणजे तो जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. सरळ धून वाजवताना कोणतीही केबल पुरते. पण डाव्या हाताची कॉर्ड, उजव्या हाताची तान आणि वर सूर खालीवर ओढणारं पिच-बेंडचं चाक फिरवलं की संदेशांचा लोंढा येतो आणि स्वस्त चिप त्यातले काही टाकून देते. 'स्वर दाबला' हा संदेश हरवला तर एक सूर कमी ऐकू येतो. 'स्वर सोडला' हा हरवला तर तो सूर भोंग्यासारखा चालूच राहतो. सॉफ्टवेअरच्या उपकरण-यादीत केबलचं नाव 'सीएच३४५' असं दिसलं, तर त्या चिपची या बाबतीतली ख्याती चांगली नाही. लिनक्सच्या ध्वनी-ड्रायव्हरमध्ये तिच्यासाठी खास तोडगा लिहून ठेवावा लागलाय. यूएम-वन असा लोंढा नीट पेलतं. कीबोर्डची सगळी सेटिंग्ज लॅपटॉपवर उतरवून घेताना जाणारे लांबलचक सिस्टिम-एक्सक्लुझिव्ह संदेशही अर्ध्यात तुटत नाहीत.

जोडताना लोक अडखळतात ते इन-आउटपाशी. रेकॉर्डिंगसाठी कीबोर्डच्या 'आउट'मधून माहिती निघून केबलच्या 'इन'मध्ये जायला हवी. स्वस्त केबलीवर नुसतं 'इन' लिहिलेलं असतं, ते बघून माणूस सरळ कीबोर्डच्या 'इन'मध्ये खुपसतो, आणि काहीच होत नाही. रोलंडनं कोणता प्लग कीबोर्डच्या कोणत्या भोकात जायचा तेच प्लगवर छापलंय. साधी गोष्ट, पण बराच मनस्ताप वाचवते. नुसतं रेकॉर्डिंग करायचं असेल तर दुसरा प्लग मोकळा लोंबकळू द्या. लॅपटॉपवरून कीबोर्डचे आवाज वाजवायचे असतील तरच तो लागतो. 'थ्रू' नावाचं तिसरं भोक असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तिथून तुमच्या बोटांची माहिती निघत नाही, फक्त 'इन'मध्ये आलेलं पुढे जातं.

डबीवर एक चिमुकली कळ आहे: 'कॉम्प' आणि 'टॅब'. 'कॉम्प'वर रोलंडचा ड्रायव्हर लागतो, 'टॅब'वर संगणकाचा स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर पुरतो. नाव टॅब्लेटवरून पडलंय, पण मॅकवर आणि लिनक्सवरही बिनधास्त 'टॅब' वापरा. लाइटनिंग पोर्टच्या जुन्या आयपॅडला अ‍ॅपलचा कॅमेरा अ‍ॅडॅप्टर मध्ये लावावा लागतो, अँड्रॉइडला ओटीजी. कळ सरकवल्यावर यूएसबी काढून पुन्हा लावा, नाहीतर बदल लागू होत नाही. 'पेटीतून काढलं आणि चाललंच नाही' अशी ओरड ऐकली की पहिली शंका या कळीवर घ्यावी. ती इतकी बारीक आहे की नखानं सरकवावी लागते, आणि बॅगेत कोंबताना आपसूक सरकूही शकते. यूएसबी-हब शक्यतो मध्ये नको. लॅपटॉपला फक्त सी-पोर्ट असतील तर ए-टू-सी अ‍ॅडॅप्टर लागेल, तो सोबत मिळत नाही.

आता चाचणी. विंडोजवर मिडी-ऑक्स नावाचा जुना, फुकट प्रोग्रॅम उघडा आणि मधला सा, म्हणजे मधली पांढरी एक, दाबा. साधारण अशी ओळ उमटेल: ९० ३सी ४० (हे आकडे सोळावर आधारलेल्या हेक्साडेसिमल पद्धतीतले). ९० म्हणजे पहिल्या चॅनेलवर (एकाच तारेतून जाणाऱ्या वेगवेगळ्या वाटांपैकी पहिल्या वाटेवर) स्वर दाबला, ३सी म्हणजे ६० नंबरचा स्वर, ४० म्हणजे दाब ६४. बोट उचललं की ८० किंवा पुन्हा ९०, पण शेवटी ००. दाबा-सोडाची अशी जोडी प्रत्येक वेळी आली, तर केबल आणि कीबोर्ड दोन्ही धडधाकट आहेत, पुढचा घोळ सॉफ्टवेअरचा. हळू दाबा, जोरात दाबा. तिसरा आकडा हललाच नाही तर त्या कीबोर्डला दाबाची जाणीव नाही, आणि जगातली कोणतीही केबल ती देऊ शकणार नाही. काहीही न दाबता एफई येत राहिलं तर घाबरू नका. 'मी जिवंत आहे' असं कीबोर्ड ०.३ सेकंदाच्या आत पुन्हा पुन्हा कळवतो, ते ते. मॅकवर संदेश पोचतायत की नाही, एवढं 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये तपासता येतं.

चाचणी झाली की मिडी-ऑक्स बंद करा. विंडोजवर पुष्कळदा एकाच प्रोग्रॅमला मिडी-पोर्ट मिळतो, दुसरा आला की त्याला 'उघडता आलं नाही' असा निरोप. ब्राउझरमधला ऑनलाइन पियानोही गुपचूप पोर्ट अडवून बसतो.

रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या मिडी-उपकरणांच्या पानावर यूएम-वनच्या ओळीवर राइट-क्लिक करून इनपुट चालू करा. मग नवा ट्रॅक, लाल बटण, इनपुटमध्ये मिडी, यूएम-वन आणि पहिलं चॅनेल निवडा. 'सगळी चॅनेल' ठेवू नका: कीबोर्डची स्टाइल, म्हणजे तबला-ढोलकीची तयार साथ, चालू असेल तर अनेक मॉडेल ती साथही वेगळ्या चॅनेलांवरून पाठवतात आणि तुमच्या बासरीच्या ट्रॅकवर ढोलकीचे ठोके बासरीच्या आवाजात उमटतात. ऐकायला गमतीदार, निस्तरायला नाही.

या यंत्रावर नेहमी ऐकू येणारी तक्रार, 'पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो', अन्यायाची आहे. मिडीचा प्रवास काही मिलिसेकंदांत संपतो. उशीर लॅपटॉप आवाज तयार करून बाहेर टाकताना होतो. लॅपटॉप आवाज बाहेर टाकण्याआधी त्याचे छोटे तुकडे (सॅम्पल) जिथे साठवतो तो बफर. ४४,१०० हर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, २५६ चा ५.८, १२८ चा २.९. विंडोजच्या मूळ ड्रायव्हरवर याहून बरंच जास्त लागू शकतं, म्हणून उशीर कमी करणारा एएसआयओ जातीचा ध्वनी-ड्रायव्हर घ्या. वेगळा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि स्पीकर संगणकाला जोडायचं यंत्र) नसेल तर फुकटचा एएसआयओ-फोर-ऑल घालून २५६ पासून सुरुवात करा. तडतड ऐकू आली तर वर जा, नाही आली तर खाली. ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवायला बसू नका. तो उशीर कोणत्याही सेटिंगनं जात नाही.

दुसरी तक्रार दुहेरी आवाजाची. कीबोर्ड स्वतःही वाजतो आणि लॅपटॉपही. फंक्शन मेन्यूत 'लोकल' (पट्ट्या आणि कीबोर्डचा स्वतःचा आवाज यांतला दुवा) ऑफ करा, किंवा सरळ कीबोर्डचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. मिडीवर त्याचा परिणाम होत नाही. दोन्ही प्लग लावले असतील आणि सॉफ्टवेअर आलेला स्वर परत कीबोर्डकडे पाठवत असेल, तर तोच स्वर दोनदा वाजून पत्र्यासारखा ऐकू येतो. तेव्हा ट्रॅकचं मिडी-आउटपुट बंद करा. बऱ्याच मॉडेलमध्ये बंद-चालू केल्यावर 'लोकल' पुन्हा ऑनवर येतं, हे लक्षात असू द्या.

पेटीवरून आलेल्या वादकांसाठी दोन गोष्टी. पेटीत जोर भात्याचा असतो, बोटाचा नाही, त्यामुळे दाब ओळखणाऱ्या कीबोर्डवर सुरुवातीला सगळे स्वर खालीवर आवाजात येतात. पेटीचा आवाज वापरताना सॉफ्टवेअरमध्ये दाब एका आकड्यावर, साधारण ९० वर, बांधून टाका आणि भात्याचं काम ११ नंबरच्या एक्स्प्रेशन कंट्रोलरला द्या. तो नंतर माउसनं रेघ ओढूनही भरता येतो. आणि ट्रान्सपोज, म्हणजे सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवण्याची सोय. काळी एकच्या गायकासाठी +१ करून पांढरी एकची बोटं चालवता तेव्हा बऱ्याच कीबोर्डांवर बदललेलाच स्वर बाहेर जातो, काहींवर फक्त त्यांचा स्वतःचा आवाज बदलतो. मिडी-ऑक्समध्ये ३सीऐवजी ३डी दिसतंय का ते एकदा तपासा. ट्रान्सपोज कीबोर्डवरही केलं आणि सॉफ्टवेअरमध्येही, तर गाणं काळी एकच्याही वर, पांढरी दोनला जाऊन बसतं.

उणिवा आहेतच. तिन्ही प्लग डबीला कायमचे जोडलेले. एक वायर मुळाशी तुटली की सोल्डरिंग करा, नाहीतर नवीन घ्या. एकच इन, एकच आउट, म्हणजे दोन कीबोर्ड एकदम जोडता येत नाहीत. माइकचा यात काही संबंध नाही.

शेवटचा मुद्दा मोठा आहे. गायनासाठी ऑडिओ इंटरफेस घ्यायचाच असेल तर यूएम-वनवर खर्च करू नका. मोटू एम२, स्टाइनबर्ग यूआर२२सी, बेहरिंगर यूएमसी२०४एचडी यांच्या मागे पाच-पिनी इन-आउट आधीच आहेत. तेव्हा दोन्ही टोकांना पाच-पिनी प्लग असलेली साधी मिडी केबल पुरते, आणि ती तुटली तर फक्त केबलच बदलावी लागते. फोकसराइट स्कार्लेट सोलो आणि २आय२ मध्ये ही सोय नाही. त्यातलं एखादं घरात आधीच असेल, तर शेजारच्या यूएसबी-पोर्टमध्ये यूएम-वन लावा.