लर्निंग स्टाइल्सचा ऑनलाइन कोर्स: पहिला भाग सोडा, दुसरा बघाच

'प्रत्येक मूल वेगळं शिकतं, त्याची लर्निंग स्टाइल ओळखा आणि रिझल्ट बघा' अशी जाहिरात असलेला शिक्षकांसाठीचा एक ऑनलाइन कोर्स नुकताच पूर्ण केला, त्याबद्दल लिहितेय. लर्निंग स्टाइल म्हणजे काही मुलं बघून, काही ऐकून, काही करून जास्त चांगली शिकतात ही कल्पना. नाव घेत नाही, कारण या विषयावरचे बाकीचे कोर्सही साधारण ह्याच मालाचे आहेत, उगाच एकालाच धरून बडवण्यात अर्थ नाही. कोर्सचे दोन भाग आहेत. पहिल्यात मुलांची स्टाइल ओळखायची कशी, दुसऱ्यात वर्गात करायचं काय. जाहिरात सगळी पहिल्या भागाची आणि दम सगळा दुसऱ्यात, असा उलटा कारभार.

वरवरचं आधी उरकते. व्हिडिओ छोटे आहेत, आवाज स्वच्छ, मोबाइलवर नीट चालतात, मध्येच सोडलं तर परत तिथूनच सुरू होतं. शिकवणाऱ्या मॅडम छान बोलतात, वाचून दाखवतायत असं वाटत नाही. सर्टिफिकेटसाठीची क्विझ इतकी सोपी आहे की कोर्स न बघताही सुटेल, त्यामुळे ते सर्टिफिकेट बघून कोणी इंप्रेस होऊ नका.

पहिला भाग उभा आहे व्हार्क मॉडेलवर. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांचं हे मॉडेल, १९९२ मध्ये मांडलेलं, त्यात बघून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून शिकणारे असे चार कप्पे. मग डेव्हिड कोल्बचं मॉडेल येतं, मग हनी आणि ममफर्डचं, मग हॉवर्ड गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्ता (बुद्धी एकच नसते, अनेक प्रकारची असते ही थिअरी), आणि सगळं एकाच पातेल्यात ढवळून 'मुलं वेगवेगळी असतात' असा निष्कर्ष. गार्डनरची ती थिअरी १९८३ ची, आणि त्यांनी स्वतः २०१३ मध्ये जाहीरपणे लिहून ठेवलंय की बाबांनो, मी जे म्हणतोय ते म्हणजे लर्निंग स्टाइल्स नव्हेत. कोर्समध्ये मात्र त्यांचा फोटो लावून लगेच पुढच्या स्लाइडवर लर्निंग स्टाइल्सची यादी!

तो प्रसिद्ध त्रिकोणही आहेच. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के वगैरे. इतके गोल गोल आकडे कुठल्या प्रयोगातून निघतात हा प्रश्न ट्रेनिंगमध्ये कोणालाच पडत नाही. खाली एडगर डेल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं नाव टाकलेलं असतं, पण डेल यांनी १९४६ मध्ये शिकण्याच्या अनुभवांचा जो शंकू काढला त्यात टक्केवारी नव्हतीच, आकडे नंतर कोणीतरी चिकटवलेत. शिक्षकांच्या कोर्समध्ये एवढं तरी तपासायला नको का?

आता ती टेस्ट. कोर्सचा हीरो म्हणजे ही प्रश्नावली, ती मुलांना द्यायची आणि रंगीत रिपोर्ट काढायचा. प्रश्न असे, की नवीन मोबाइल घेतला तर काय कराल: माहितीपुस्तिका वाचाल, व्हिडिओ बघाल, कोणाला विचाराल की सरळ बटणं दाबत सुटाल? आता मी मोबाइल घेतला तर बटणं दाबेन, पण औषध आणलं तर चिठ्ठी वाचेन आणि पत्ता शोधायचा असला तर कोणाला तरी विचारेन. मग मी कोण? टेस्टने मला 'मल्टिमोडल' (एकाहून जास्त प्रकारांनी शिकणारी) असा शिक्का दिला, म्हणजे थोडक्यात काहीच सांगितलं नाही. खरी गोम अशी की ही टेस्ट मुलाला काय आवडतं ते विचारते, मूल कशाने शिकतं ते मोजतच नाही. व्हिडिओ कोणाला आवडत नाहीत? २००६ मध्ये क्रेट्झिग आणि आर्बथनॉट या दोन संशोधकांनी हेच तपासलं होतं, माणसं स्वतःची जी स्टाइल सांगतात तिचा त्यांच्या बघून, ऐकून किंवा हाताळून लक्षात ठेवण्याच्या टेस्टशी मेळ बसला नाही.

आणि शिक्का एकदा बसला की मुलं तो वापरायला लागतात, मुलं हुशार असतात! रिपोर्ट हातात पडल्यावर माझ्या वर्गातला एक जण थेट म्हणाला, "मॅडम, मी ऑडिटरी आहे, मला धडा वाचायला लावू नका, तुम्ही सांगा मी ऐकतो." ज्याला वाचनाचीच सगळ्यात जास्त प्रॅक्टिस हवी होती त्यालाच आपण वाचनातून सुटायचं लायसन्स लिहून दिलं.

कोर्समध्ये लाइव्ह सेशन्स असतात. एका सेशनमध्ये मी चॅटमध्ये विचारलं, की स्टाइलप्रमाणे शिकवल्यावर मुलं जास्त शिकतात याला पुरावा काय. उत्तर आलं, "आमच्या हजारो शिक्षकांचा अनुभव आहे." अनुभव सगळ्यांनाच असतो हो! २०१२ मध्ये डेकर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांचा सर्व्हे केला तर ९० टक्क्यांहून जास्त शिक्षकांचा या गोष्टीवर विश्वास होता. विश्वास इतका आणि पुरावा विचाराल तर, २००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि बियोर्क या मानसशास्त्रज्ञांनी सगळं संशोधन चाळून सांगितलं की ही थिअरी शाळेत वापरण्याइतका आधार नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. 'बघून शिकणारी' निम्मी मुलं चित्रांनी शिकवा आणि निम्मी ऐकवून, तसंच 'ऐकून शिकणाऱ्यां'चं करा, आणि शेवटी सगळ्यांना एकच टेस्ट द्या. बघणारे चित्रांनी पुढे गेले आणि ऐकणारे ऐकून, तर थिअरी खरी. असे नीट केलेले प्रयोग मुळात मूठभर, आणि त्यातले बरेचसे थिअरीच्या विरोधात. २०१५ मध्ये रोगोव्स्की वगैरेंनी मोठ्या माणसांना एकाच पुस्तकातला मजकूर काहींना ऐकवला, काहींना स्क्रीनवर वाचायला दिला, तर आवडीच्या माध्यमाने समज वाढली असं काही दिसलं नाही. यातलं एक अक्षर कोर्समध्ये नाही, आणि पहिल्या भागाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल की रिफंड मागावा. पण दुसरा भाग सुरू झाला आणि मी वही काढून बसले.

तो भाग दुसऱ्याच कोणीतरी बनवलाय असं वाटतं, शिकवणारी व्यक्तीही वेगळी आहे. तिथे स्टाइल हा शब्द जवळजवळ गायबच. मुद्दा असा, की माध्यम मुलाकडे बघून नाही तर विषयाकडे बघून ठरवायचं. नकाशा शिकवायचा तर नकाशा दाखवावाच लागणार, मग वर्गात कोणी 'ऑडिटरी' असो नाहीतर नसो. उच्चार शिकवायचे तर ऐकवावेच लागणार. आणि चित्र आणि शब्द दोन्ही जोडीने दिले तर फायदा बहुतेक सगळ्यांनाच होतो, मानसशास्त्रज्ञ ॲलन पायव्हिओ यांनी १९७० च्या दशकापासून मांडलेली ड्युअल कोडिंगची कल्पना ती हीच. पण सोबत इशाराही दिलाय, की स्लाइडवर लांबलचक मजकूर टाकून तोच मोठ्याने वाचून दाखवू नका, मुलांना दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं आणि धड काहीच होत नाही. (हे सांगताना त्यांच्या स्वतःच्या स्लाइडवर चार ओळी होत्या आणि त्या त्यांनी वाचल्या नाहीत, तिथे मी मनात टाळी वाजवली.)

सगळ्यात आवडलेला व्हिडिओ अपूर्णांकांचा. एका मुलाने १/८ हा १/४ पेक्षा मोठा म्हणून लिहिलाय, कारण ८ मोठा आहे ४ पेक्षा. शिक्षिका त्याला चूक म्हणत नाही, बरोबर उत्तरही सांगत नाही, कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या देते. एकीच्या घड्या घालून चार भाग, दुसरीचे आठ. मग दोन्हींतला एकेक भाग कापून शेजारी ठेवायला लावते. मुलगा बघतो, थांबतो, आणि म्हणतो "म्हणजे जास्त भाग केले की तुकडा लहान होतो." मग ती लगेच पट्ट्या बाजूला ठेवायला सांगते आणि विचारते, १/५ आणि १/९ मध्ये मोठा कोण, पट्टी न घेता सांग. हे महत्त्वाचं आहे! आपण बरेच जण पट्टीवरच थांबतो, ॲक्टिव्हिटी झाली, मुलं खूश, फोटो काढले, संपलं. पट्टी त्या मुलाच्या हातात दिली ती तो 'करून शिकणारा' आहे म्हणून नाही, त्याची नेमकी चूक कुठे आहे ते बघून दिली.

मुलामुलांतला खरा फरक कुठे असतो याचंही उत्तर इथेच मिळतं, आधी काय येतं यात. नवख्या मुलाला सोडवून दाखवलेली उदाहरणं खूप मदत करतात, पण ज्याला ते आधीच येतं त्याला तीच उदाहरणं कंटाळवाणी आणि कधीकधी अडचणीचीही होतात, त्याला सरळ प्रश्न द्यावेत. म्हणून धडा सुरू करायच्या आधी तीन-चार प्रश्नांची छोटी चिठ्ठी सोडवून घ्या आणि त्यावरून गट पाडा, आणि हे गट त्या धड्यापुरतेच ठेवा, असं सांगितलंय. रंगीत रिपोर्टपेक्षा ही चिठ्ठी हजारपट कामाची.

परत परत वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायला लावा हा धडाही छान घेतलाय. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग सांगितलाय: पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर आठवून बघणारे पुढे. आमच्या स्टाफरूममध्ये यावर चांगलाच वाद झाला, कारण वाचून झाल्यावर मुलांनाही सगळं येतंय असं वाटतं आणि आपल्यालाही.

एक गोष्ट मात्र खटकली. ज्या मुलांची गरज खरोखरच वेगळी असते, ज्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, डिस्लेक्सिया आहे, त्यांच्यासाठी अख्ख्या कोर्समध्ये एक स्लाइड. एक! 'पसंती' ओळखायच्या प्रश्नावलीला अर्धा कोर्स आणि अक्षरं जुळवताना घाम फुटणाऱ्या मुलासाठी एक स्लाइड, तीही 'तज्ज्ञांचा सल्ला घ्या' एवढंच सांगून संपते. मोठा फॉन्ट, मजकूर ऐकायची सोय, लेखी उत्तराऐवजी तोंडी उत्तर, जास्तीचा वेळ, इतकं तरी सांगता आलं असतं.

रेटिंग: पहिल्या भागाला १, दुसऱ्याला साडेचार, साइटवर एकच आकडा टाकता येतो म्हणून ३ दिलेत. नवीन शिक्षक असाल तर दुसऱ्या भागापासून सुरू करा, मेनूमधून थेट जाता येतं, आधीचं लॉक नाहीये. शाळेने सगळ्या स्टाफसाठी घ्यायचं ठरवलं असेल तर ती प्रश्नावली मुलांपर्यंत जाऊ देऊ नका एवढं ऑफिसला नक्की सांगा. आणि हो, पाठ नियोजनाचे नमुने फक्त पीडीएफमध्ये आहेत, त्यात बदल करता येत नाही, वर्डमध्ये द्या म्हणून सपोर्टला मेल केलाय, अजून तरी उत्तर नाही.