जुनं भाड्याचं घर: अर्थिंग की आरसीसीबी?

जुन्या वाड्यातल्या खोलीत सॉकेट तीन पिनांचं दिसतं, पण वरच्या मोठ्या भोकामागे अर्थची हिरवी वायरच नसते. मग फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात.

खरा इलाज अर्थिंगच, म्हणजे गळलेल्या विजेला जमिनीत जायची वाट: धातूचा इलेक्ट्रोड जमिनीत, तिथून प्रत्येक सॉकेटला वायर. त्याला घरमालकाचा होकार हवा.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (तेवढी वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) चटकन बसतो, घर सोडताना नेताही येतो. अर्थिंग नसलं तरी तो जीव वाचवू शकतो. मात्र अर्थिंगशिवाय गळती अंगातून गेल्यावरच तो ट्रिप होतो, म्हणजे झटका बसतोच. तरी मालक तयार होईपर्यंत मी आधी हाच बसवून घेईन.

आणि सॉकेटमध्येच न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) अर्थच्या पिनला जोडणाऱ्या वायरमनला तिथल्या तिथे थांबवा. न्यूट्रल तुटली तर फ्रिजच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात.