परदेशात जन्मलेल्या बाळासाठी काय घ्यायचं : भारतीय पासपोर्ट, ओसीआय की ई-व्हिसा?

ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड, आणि ई-व्हिसा म्हणजे ऑनलाइन काढायचा व्हिसा. या तिन्हींची तुलना करायच्या आधी बाळ कुठल्या देशात जन्मलं ते पाहावं लागतं, कारण बऱ्याच कुटुंबांपुढे निवड करण्यासारखं काही नसतंच. दुबई, मस्कत, दोहा इथे जन्मलेलं आपलं मूल तिथलं नागरिक होत नाही. ब्रिटनमध्येही १ जानेवारी १९८३ पासून नुसतं तिथे जन्मून नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक असावे लागतात किंवा त्यांना तिथे कायम राहण्याचा हक्क मिळालेला असावा लागतो. ऑस्ट्रेलियाने २० ऑगस्ट १९८६ पासून जवळपास असाच नियम केला. जर्मनीत जून २०२४ पासून आई-वडिलांपैकी एकाचं पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि शिवाय कायम राहण्याचा हक्क लागतो.

म्हणजे दुबईत नोकरी असेल किंवा लंडनला वर्क व्हिसावर असाल, तर उत्तर एकच : भारतीय पासपोर्ट, आणि तोही लवकर. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशाने भारतीय नागरिकत्व हवं असेल, तर जन्माची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावीच लागते. वर्ष उलटलं की नोंद होतच नाही असं नाही, पण मग केंद्र सरकारची परवानगी लागते आणि प्रकरण रेंगाळतं. त्यात ज्या देशात राहता तिथल्या मुदती वेगळ्या. अमिरातीत बाळाचा रहिवासी व्हिसा १२० दिवसांत काढावा लागतो आणि जर्मनीत बाळाच्या वास्तव्य परवान्याचा अर्ज सहा महिन्यांत करावा लागतो. या सगळ्याला आधी बाळाचा पासपोर्ट लागतो. त्यामुळे वर्षभर वेळ आहे या हिशोबाने चालू नका. ब्रिटनमध्ये व्हिसा नसलेलं बाळ तिथेच राहिलं तर अडचण येत नाही, पण एकदा भारतात आणलं की परत जाताना त्याला व्हिसा लागतो. आजीला भेटवायला म्हणून घाईने तिकीट काढणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

खरी निवड करावी लागते ती अमेरिकेत आणि कॅनडात. तिथे जन्मलेलं मूल जन्मतःच तिथलं नागरिक मानलं जातं. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावरच्या पालकांच्या मुलांना हा हक्क नाकारणारा आदेश २० जानेवारी २०२५ ला निघाला आणि लगेच न्यायालयांत अडकला. त्या दिवसापासून एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावरच्या कितीतरी घरांत धाकधूक आहे, आणि ती मला पूर्ण समजते. म्हणूनच बाळाचा जन्मदाखला हाती येताच अमेरिकी पासपोर्टचा अर्ज करा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. अर्जाला आई-वडील दोघांनी बाळाला घेऊन जायचं असतं, शुल्क एकूण १३५ डॉलर आणि मुदत पाच वर्षांची.

आता अमेरिकेत जन्मलेल्या बाळासाठी भारतीय पासपोर्ट काढावा का? 'आपण भारतीय, मूलही भारतीयच राहू दे' ही भावना मनापासूनची असते, पण कागदावर ती चालत नाही. वकिलातीत नोंद करताना मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांना लिहून द्यावं लागतं. इकडे अमेरिकेचा कायदा सांगतो की अमेरिकी नागरिकाने देशाबाहेर जाताना आणि परत येताना अमेरिकी पासपोर्टच वापरायचा. भारतीय पासपोर्टवर बाळाला भारतात आणलंत तर परत न्यायला अमेरिकी व्हिसा मागावा लागेल, आणि अमेरिका स्वतःच्या नागरिकाला व्हिसा देत नाही. मुलाचं अमेरिकी नागरिकत्व आपणच सोडून द्यावं म्हटलं तर तेही जमत नाही, मुलाच्या वतीने ते आई-वडिलांना सोडता येत नाही. दोन्ही पासपोर्ट गुपचूप ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो खोटं लिहून देण्याचा सल्ला आहे आणि पुढे त्याचा त्रास मुलाला होतो.

म्हणजे अमेरिकेत तुलना उरते ती ओसीआय आणि ई-व्हिसाची.

ई-टुरिस्ट व्हिसा झटपट मिळतो. घरबसल्या अर्ज करता येतो, प्रवासाच्या किमान चार दिवस आधी केला तरी चालतो, आणि मुंबई, पुणे, नागपूर, गोव्याचे दोन्ही विमानतळ इथे उतरता येतं. पाच वर्षांच्या व्हिसाला ८० डॉलर पडतात. गावाकडून वाईट बातमी आली आणि याच आठवड्यात निघायचंय, तर दुसरा विचार करण्याचं कारण नाही. त्याची मर्यादा मुक्कामाची : अमेरिकी पासपोर्टवर एका कॅलेंडर वर्षात जास्तीत जास्त १८० दिवस. आपल्याकडे नेमकं इथेच घोडं अडतं. आईची रजा संपली, डे-केअरचा खर्च परवडत नाही, म्हणून बाळाला वर्षभर आजी-आजोबांकडे ठेवायचं हे कितीतरी घरांत ठरतं. ई-व्हिसावर ते करू नका. मुदत उलटली की बाळाला देशाबाहेर नेण्यासाठी परवानगी काढण्यापासून सगळी धावपळ आजोबांच्या गळ्यात पडते. आणि 'आधी टुरिस्टवर येऊ, ओसीआय पुण्यात बसून काढू' हा बेतही फसतो, कारण टुरिस्ट व्हिसावर आलेल्याला भारतात ओसीआयचा अर्ज करता येत नाही.

ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा, कितीही वेळा येण्याजाण्याचा परवाना. कितीही दिवस राहा, परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागत नाही. सरकारी शुल्क २७५ डॉलर, वर अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस या खासगी कंपनीचे पैसे. महाग वाटतं खरं, पण पाच-पाच वर्षांचे ई-व्हिसा काढत विसाव्या वर्षापर्यंत गेलात तर आजच्या दराने ३२० डॉलर होतात. कार्ड भारतात छापून येतं, काही आठवडे जातातच. आई-वडिलांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल तरी अल्पवयीन मुलाला ते मिळू शकतं.

पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि हा फरक पुढे दोन ठिकाणी फार जाणवतो. एक म्हणजे शेती. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळू शकते. साताऱ्यातली वडिलोपार्जित जमीन मुलाच्या नावे होईल, तिला लागून असलेली शेजाऱ्याची दोन एकर त्याला घेता येणार नाहीत. दुसरं म्हणजे शिक्षण. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मिळालेल्या मुलांना नीट, जेईईसारख्या परीक्षा देता येतात, पण प्रवेश फक्त एनआरआय किंवा अतिरिक्त जागांवर. (आधी कार्ड मिळालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलासा दिला, आज जन्मणाऱ्या बाळाला तो लागू नाही.) मूल तिसऱ्या वर्षी कायमचं पुण्यात आलं, मराठी शाळेत शिकलं, तरी अठराव्या वर्षी मेडिकलला एनआरआय कोट्याची फी भरावी लागेल. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. परतण्याचा विचार असेल तर हा खर्च आत्ताच हिशोबात धरा. ई-व्हिसाने यातलं काहीच सुटत नाही, त्यामुळे ओसीआयचं पारडं यानेही हलकं होत नाही.

माझं मत असं : तीन महिन्यांत प्रवास असेल तर आता ई-व्हिसा घ्या आणि अमेरिकेत परतल्यावर ओसीआयचा अर्ज करा. एकामुळे दुसरं अडत नाही. प्रवासाला अजून बराच वेळ असेल किंवा बाळ भारतात राहणार असेल, तर थेट ओसीआय.

कागदपत्रांत दमछाक होते ती नावांनी. अमेरिकेतलं हॉस्पिटल घरी सोडण्याआधीच नाव विचारतं, आपलं बारसं बाराव्या दिवशी. नाव, वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, आडनावाचं स्पेलिंग हे सगळं प्रसूतीच्या आधीच ठरवून ठेवा, कारण जन्मदाखल्यावरचं नाव पासपोर्टवर आणि पासपोर्टवरचं ओसीआयवर जातं. आईचं तर विचारूच नका : जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, लग्नात नावही बदललेलं. लग्नाचा दाखला ओसीआयच्या अर्जाला लागतोच, त्यावरची नावं पासपोर्टशी जुळतात का ते बाळ व्हायच्या आधी तपासा. नवरा-बायकोच्या पासपोर्टवर एकमेकांची नावं असली की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

फोटोसाठी अर्जाच्या सूचनांत सांगितलेल्या रंगाची साधी चादर जमिनीवर पसरा, बाळाला त्यावर उताणं ठेवा आणि खिडकीच्या उजेडात वरून फोटो घ्या. डोळे उघडे हवेत, कुणाचा हात दिसता कामा नये, कानामागे सावली नको. सहीच्या चौकटीत बाळाच्या अंगठ्याचा ठसा लागतो. तो गाढ झोपेत घ्या, तेव्हा मूठ सैल असते. शाई कमी लावा, कोऱ्या कागदावर चार-पाच ठसे उमटवा आणि त्यातला चौकटीत नीट बसणारा स्कॅन करा.

कार्ड मिळाल्यावर एक काम लक्षात ठेवावं लागतं. मूल वीस वर्षांचं होईपर्यंत दर वेळी नवा पासपोर्ट आला की तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत आणि ताजा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा, त्याला पैसे पडत नाहीत. विसाव्या वर्षानंतरचा पहिला पासपोर्ट आला की मात्र कार्ड एकदा नव्याने काढून घ्यायचं.