आर्केड कॅबिनेटसाठी रास्पबेरी पाय की ऑफिसातला जुना मिनी पीसी?

घरी आर्केड कॅबिनेट, म्हणजे व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असायची तशी उभी पेटी, बनवायची म्हटले की प्लायवूडची पेटी, दोन जॉयस्टिक, बटणे आणि एक जुना मॉनिटर इथपर्यंत बहुतेकांचे ठरलेले असते. घोडे अडते ते आत कोणता संगणक बसवावा या प्रश्नाशी. फैजपूरच्या (जि. जळगाव) घरी उभ्या केलेल्या कॅबिनेटमध्ये मी आधी दीड वर्ष रास्पबेरी पाय 4 हा एका पाटीवरचा छोटा संगणक वापरला आणि नंतर एका कार्यालयातून निघालेला, सहाव्या पिढीचा आय-5 प्रोसेसर असलेला मिनी पीसी त्याच्या जागी बसवला. पुढील मत या वापरातून बनलेले आहे. मी काही मोजमापे घेतलेली नाहीत.

वेगाच्या बाबतीत फार वेळ दवडण्याचे कारण नाही. ज्याला आपल्याकडे सगळे नुसते ‘मुस्तफा’ म्हणत तो कॅपकॉमचा 1993 मधला ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, त्याच कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर 2’ किंवा एसएनकेचा ‘मेटल स्लग’ एवढेच खेळायचे असेल, तर दोन्ही यंत्रांना ते काम हलके आहे. नव्वदीच्या उत्तरार्धातील त्रिमितीय गेमकडे वळल्यावर पाय 4 ची दमछाक जाणवू लागते आणि मिनी पीसी तुलनेने निवांत असतो. 2023 मध्ये आलेल्या पाय 5 ने हे अंतर बरेच कमी केले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मेम (जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) याची आवृत्ती आणि रॉमचा, म्हणजे गेमच्या फाइलींचा, संच एकमेकांशी जुळवण्याची कटकट मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

माझ्यासाठी निर्णय झाला तो विजेवरून. घरचा खरा संगणक आपण नीट बंद करतो. कॅबिनेट कोणीही तसे बंद करत नाही. पाहुण्यांची मुले खेळून झाली की भिंतीवरचे बटण दाबून मोकळी होतात, आणि मे-जूनमध्ये केळीच्या बागा आडव्या करणारा वादळी वारा सुटला की ते बटण दाबण्याचीही गरज उरत नाही. पायमधली सगळी व्यवस्था मेमरी कार्डवर असते, आणि कार्डावर काही लिहिले जात असतानाच वीज गेली तर त्यातील फाइल बिघडण्याची शक्यता राहते. माझ्याकडे दीड वर्षात तीन वेळा असे झाले की वीज परत आल्यावर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी येऊन सारे तिथेच थांबले. प्रत्येक वेळी पेटीची मागची फळी उघडणे, कार्ड काढणे, त्यावर रेट्रोपाय ही गेम चालवणारी प्रणाली पुन्हा चढवणे आणि बटणांची जुळणी पहिल्यापासून करणे यात रविवार जात असे. यात दोष पायचा आहे असे मी म्हणणार नाही. असा वापर गृहीत धरून ते कार्ड बनवलेलेच नसते.

यावर उपाय आहेत, आणि ते मी करूनही पाहिले. पायमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली की सर्व लिखाण केवळ रॅममध्ये होते आणि कार्ड सुरक्षित राहते. परंतु मग वीज जाताच सगळे हायस्कोरही पुसले जातात, आणि हायस्कोर टिकत नसेल तर भाचे मंडळींच्या लेखी कॅबिनेटला अर्थच उरत नाही. पायला कार्डाऐवजी एसएसडी या अधिक टिकाऊ डिस्कवरून चालू करणे हा अधिक चांगला मार्ग आहे. मात्र एसएसडी, तिचा जोड, पंखा आणि योग्य क्षमतेचा अडॅप्टर (पाय 5 साठी तो 5 अँपिअरचा लागतो) यांचा हिशेब मांडला, तेव्हा जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये पाहून ठेवलेल्या जुन्या मिनी पीसीपेक्षा बचत अशी काही दिसेना, आणि त्या पीसीत एसएसडी आधीच बसवलेली होती.

मिनी पीसीवर मी बाटोसेरा ही रेट्रोपायसारखीच प्रणाली घातली आणि बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत येताच यंत्र आपोआप सुरू व्हावे अशी नोंद केली, त्यामुळे भिंतीवरचे बटण हेच आता कॅबिनेटचे बटण झाले आहे. वीज अचानक गेली तर एसएसडीलाही धोका असतो, हे मला ठाऊक आहे. तरी दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे होऊनही मागची फळी त्या कारणासाठी उघडावी लागलेली नाही. माझ्या जुन्या मॉनिटरला केवळ व्हीजीएची जोडणी आहे. पायसोबत त्यासाठी एक वेगळा कन्व्हर्टर लोंबत असे, तर या पीसीला ती खाच मागेच आहे. बटणे यूएसबी एन्कोडरवर (बटणांचे संकेत यूएसबीतून संगणकाला देणारी छोटी पाटी) असल्यामुळे वायर एकातून काढून दुसऱ्यात घालण्यापलीकडे काही करावे लागले नाही. ज्यांनी बटणे थेट पायच्या जीपीआयओ पिनांना जोडली आहेत, त्यांना मात्र एन्कोडर नव्याने घ्यावा लागेल.

पायच्या बाजूनेही बोलले पाहिजे. तो तळहातावर मावतो, वीज फारच कमी घेतो आणि त्याच्यासाठी लिहिलेली माहिती इतकी विपुल आहे की अडल्यावर उत्तर बहुधा पाच मिनिटांत सापडते. मिनी पीसीला विटेएवढा अडॅप्टर लागतो आणि त्याचा पंखा भर दुपारी आवाज करतो. अर्थात आपल्याकडे पारा 45 अंशांवर गेला की बंद पेटीतला पायही पंख्याशिवाय 80 अंशांच्या घरात पोहोचतो आणि स्वतःचा वेग कमी करू लागतो, म्हणजे पंख्यातून सुटका कोणाचीच नाही. मी सुताराकडून मागच्या फळीला खाली आणि वर अशा दोन जाळ्या बसवून घेतल्या. त्या कोणताही संगणक घेतला तरी बसवून घ्याव्यात.

घर इन्व्हर्टरवर असेल, पेटी टेबलावर ठेवण्याएवढी लहान असेल आणि जुने द्विमितीय गेमच खेळायचे असतील, तर पाय घ्यायला माझी हरकत नाही. माझा जुना पाय आता अशाच एका लहान पेटीत भाच्याच्या खोलीत आहे, आणि त्याची पिन इन्व्हर्टरच्या सॉकेटमधून कोणी काढू नये म्हणून मी तिथे चिकटपट्टी लावून ठेवली आहे.