ज्वारीवर ज्वारी: गिरणी, पाकीट की घरघंटी?

घरात एकाला गहू चालत नाही आणि दुसऱ्याला शेंगदाणा, हे कळलं की पहिले पंधरा दिवस नुसत्या याद्या होतात. आमच्याही झाल्या. बांधणीच्या हिंगात मैदा, मेतकुटात गहू, सातूच्या पिठात गहू, माल्टच्या पावडरीत जव... हे तुम्हाला एव्हाना पाठ असेल, त्यात शिरत नाही. याद्या फ्रिजवर चिकटवून झाल्या की खरा प्रश्न उरतो तो रोजच्या पिठाचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ खाणाऱ्या घराला गव्हावाचून उपास पडत नाही. पण ते दळायचं कुठे? आम्ही तिन्ही वाटा चालून पाहिल्या. लेकीला सीलिॲक (गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या चिकट प्रथिनानं आतड्याला इजा होते तो आजार), धाकट्याला दाण्याची ॲलर्जी, आणि आईला रोज दोन पोळ्या हव्याच, असं आमचं घर आहे. तुमचं वेगळं असेल, तर हिशेबही थोडा वेगळा येईल.

आधी गिरणी. लहानपणी दळणाचा डबा हातात देताना आई बजावायची, "गव्हावरच दळ म्हणावं, बाजरीवर नको." बाजरीचं काळपट पीठ पोळीत उतरतं म्हणून. म्हणजे मागच्याचं पीठ पुढच्याच्या डब्यात येतं, हे आपल्याकडे घराघरात ठाऊक होतंच. त्याला मोठं इंग्रजी नाव आहे, ते डॉक्टरांकडून कळलं इतकंच. आमचा गिरणीवाला भला माणूस. सकाळी शटर उघडल्या उघडल्या पहिलं दळण तुमचं, त्याआधी किलोभर तांदूळ फिरवून जातं साफ करतो, असं त्यानं आपणहून सुचवलं. काही महिने आम्ही तसंच केलं.

आता आकडा पाहा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेन-फ्री' म्हणवून घ्यायला किलोला २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं. कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन धरला, तर किलोभर ज्वारीच्या पिठात चिमूटभर कणीक मिसळली की मर्यादा संपली. गिरणीत तेवढी तर भिंतीवरच्या घड्याळावर साचलेली असते. लेकीच्या पुढच्या तपासणीत टीटीजीचा, म्हणजे सीलिॲकच्या रक्ततपासणीचा, आकडा उतरला, पण डॉक्टरांना हवा होता तितका नाही. दोष गिरणीचाच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. त्याच दिवसांत दोन लग्नंही जेवून झाली होती. पण शंका बसली ती बसलीच. धाकट्याचं म्हणाल तर गिरणीनं कधी त्रास दिला नाही, दाणे तिथे कुणी दळत नाही. घरात फक्त दाण्याची ॲलर्जी असेल तर गिरणी सोडायचं मला तरी कारण दिसत नाही.

मग पाकीट. सुरक्षिततेत त्याला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. मागच्या बाजूला ग्लुटेन-फ्रीचं लेबल, तारीख, बॅच, सगळं छापलेलं. आमची अडचण अशी, की गव्हातून सुटलेली निम्मी पाकिटं दाण्यात अडकायची. 'या कारखान्यात शेंगदाणे व सोया हाताळले जातात' ही बारीक ओळ वाचायला मी चष्म्याचा नंबर बदलून घेतला. दोन्ही चाळण्यांतून पार पडेल असं ज्वारीचं पीठ शेवटी एकच सापडलं, आणि ते साध्या ज्वारीच्या दुपटीहून महाग. तेही चाललं असतं. पैशाचं रडगाणं मी गात नाही. पोरांच्या पोटापुढे ते फार काळ टिकत नाही.

टिकली नाही ती भाकरी.

ज्यांनी भाकरी थापली आहे त्यांना हे सांगायला नको, पण पाकिटावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी सांगतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणजे गोळा धरून ठेवणारं गव्हासारखं काही नाही. भाकरी उभी राहते ती पिठाच्या ताजेपणावर, गरम पाण्यावर आणि मळणाऱ्या तळव्यावर. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते. पाकिटातलं पीठ दळून किती दिवस झालेत ते तारखेवरून कळतं, आणि बहुधा ते दिवस महिन्यात मोजायचे असतात. परातीत गोळा छान दिसायचा. थापायला घेतला की कडेनं चिरा. बायको बोटानं चिरा सांधायची, तोवर मध्ये भेग. उचलून तव्यावर टाकेपर्यंत एका भाकरीच्या तीन भाकऱ्या. आम्ही उकड काढून पाहिली. भाकरी जमली, चवीलाही बरी, पण सकाळी सहाला उकड काढणं, ती निवेपर्यंत थांबणं, मळणं आणि सातला रिक्षा! शिवाय गरम असतानाची ती शहाणी भाकरी दुपारपर्यंत पुन्हा मूळ स्वभावावर यायची. एकदा डबा तसाच परत आला. मी विचारलं, तर लेक म्हणाली, "बाबा, भाकरी कुठे होती, भुगा होता. भाजी चमच्यानं खाल्ली."

रागावलो नाही. डब्यातला भुगा चिमटीत घेऊन पाहिला, खरंच पीठ झालं होतं. काही मिश्र पिठांत झँथन गम घालतात, त्यानं चिकटपणा येतो आणि पोळीसारखं लाटताही येतं. ज्यांना पोळीच हवी त्यांनी ते जरूर पाहावं. आमच्या सोलापूरकडच्या तोंडांना ते पचनी पडलं नाही, यात आवडीचा भाग असेल.

म्हणून घरघंटी. आवाज आहे. स्वयंपाकघरातला एक कोपरा कायमचा जातो. कितीही दार लावा, बारीक पीठ उडतंच, आणि आतला डबा दर वेळी ब्रशनं झाडावा लागतो. ओलसर धान्य घातलं तर चिकटून बसते, त्यामुळे मोदकाचे धुतलेले तांदूळ खडखडीत वाळल्याशिवाय घालायचे नाहीत, हे एका गणपतीत कळलं. भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्यांशी संबंध कसे आहेत तेही बघा.

आणि घरघंटी घेतली म्हणजे सुटलो असं नाही. धान्य निवडावंच लागतं. आमची ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. पण पोतं, माप, चाळण हे सगळं गव्हाशीही वापरलेलं असतं. ताटात मूठभर पसरली की मोत्यासारख्या गोल दाण्यांत एखादा लांबट, पोटाशी खाच असलेला दाणा वेगळा ओळखू येतो. किलोला तीन, चार, कधी सहा. गव्हाचे पाच-सहा दाणे दळले गेले तरी किलोभर पीठ त्या २० मिलिग्रॅमच्या काठावर येतं, हा हिशेब मांडल्यापासून आई मालिका बघताना मांडीवर ताट घेऊनच बसते. गव्हाशी तिचं भांडण नाही. तिच्या पोळ्यांची कणीक गिरणीतून वेगळ्या झाकणाच्या डब्यात येते, पोळपाट-लाटणं वेगळं, आणि तिची पोळी सगळ्यात शेवटी होते.

या सगळ्याच्या बदल्यात मिळालं काय? दर चार दिवसांनी दोन किलो ताजं पीठ. भाकरी दुपारी डब्यात दुमडते, तुटत नाही. लेक तिच्यात तिळाची चटणी गुंडाळून खाते. दाण्याच्या कुटाची जागा तीळ, कारळे, जवस आणि सुक्या खोबऱ्यानं घेतली, त्यामुळे तो डबा भावालाही चालतो. प्रवासाला मात्र अजूनही पाकीटच नेतो, आणि बेसनाच्या बाबतीतही आम्ही पाकीटवालेच आहोत. घरात दोनच माणसं, भाकरी आठवड्यातून एकदा, असं असेल तर पंधरा हजारांच्या आसपासचं यंत्र घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. चार-पाच खाणारी तोंडं असतील, तर मात्र फार विचार करू नये असं आपलं मला वाटतं.

घ्यायची ठरली तर दोन गोष्टी. शेजारच्या काकू एक दिवस चार किलो गहू घेऊन येणारच, त्यांना काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवा. आम्ही चहा पाजतो आणि लेकीचं कारण सांगतो. दुसरी जास्त महत्त्वाची. दुकानात चालवून दाखवलेलं यंत्र घेऊ नका, त्यात हमखास गहू दळलेला असतो. खोका बंद हवा. आमच्याकडे जोडणीला आलेल्या मुलानं खोका फोडला, वायर लावली, जाळी बसवली, आणि आत हाक मारली, "वहिनी, वाटीभर गहू आणा, दळून दाखवतो." मी हातातला चहा टाकून धावलो. ज्वारीची वाटी पुढे केली तर तो म्हणाला, "गव्हावर चांगलं समजतं, साहेब." म्हटलं, आम्हाला यावरच समजून घ्यायचंय.