गाडीचा रिव्हर्स स्क्रीन आणि दादाचा स्पेक्ट्रम

तपकीर गल्लीतून साडेआठशेला ४.३ इंची एलसीडी आणला. गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा, नावगाव नसलेला. दुकानदाराने विचारलं, "गाडी कुठली?" म्हटलं, स्पेक्ट्रम. "नवीन आलीये का?" आता काय सांगणार!

दादाचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे टीव्हीला जोडायचा जुना घरगुती कॉम्प्युटर, माळ्यावर पडून होता. १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन भारतात आणलेला. मशीन ठणठणीत, पण हॉलमधला नवा टीव्ही अँटेनाच्या वायरीतून येणारं त्याचं चित्र घेईना. मग मॉड्युलेटरच्या (चित्राचा अँटेनासारखा सिग्नल बनवणाऱ्या भागाच्या) पत्र्याच्या डबीत जाणारी व्हिडिओची वायर सोडवली आणि सरळ बाहेरच्या सॉकेटला जोडली. कुठे भोक पाडलं नाही, हवं तर पुन्हा होतं तसं करता येईल.

स्क्रीनला दोन इनपुट आहेत. दुसऱ्यावर सिग्नल आला की तो आपणहून त्यावर जातो. गाडी रिव्हर्सला टाकल्यावर तसंच तर हवं असतं. मी स्पेक्ट्रम तिथेच जोडला. बटणं न दाबता तीनेक सेकंदांत खाली मूळ ब्रिटिश कंपनीचं नाव, '१९८२ सिंक्लेअर रिसर्च', उमटलं.

पण चित्र काळवंडलेलं. खाली वाकून बघितलं तर स्वच्छ, खुर्चीत बसलं की अंधार. अर्धा तास कॉन्ट्रास्टशी झटलो. मग लक्षात आलं, हे स्वस्तातले पॅनल एकाच बाजूने नीट दिसतात. स्क्रीन उलटा बसवला, मेनूतून चित्र फिरवलं, आणि काम झालं. ही एक गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर!

अक्षरं जेमतेम दोन मिलिमीटरची, पण ओळीत ३२च असल्याने वाचता येतात. पांढऱ्यावर काळं उत्तम. निळ्यावर लाल मात्र पाण्यात शाई सांडल्यासारखं फुटतं. तो दोष कंपोझिट व्हिडिओचा, म्हणजे सगळे रंग एकाच वायरीतून पाठवण्याचा, स्क्रीनला बोल लावणार नाही. रुंद पडद्यामुळे वर्तुळं अंडाकृती होतात, आणि कडा थोड्या कापल्या जातात. कॅसेटवरून प्रोग्राम लोड होताना कडेला दिसणारे निळे-पिवळे पट्टे त्यामुळे अरुंद दिसतात. ते मला खटकलं.

एक जपा. स्क्रीनला १२ व्होल्ट लागतात, स्पेक्ट्रमला ९, आणि त्याच्या पिनेत आतलं टोक निगेटिव्ह. मी स्क्रीनच्या वायरीला तशीच पिन लावून ठेवली होती. "अरे, कुठली खुपसतोयस?" म्हणून दादाने मनगट धरलं, नाहीतर मेमरीच्या चिप्स गेल्याच होत्या. आता स्क्रीनला वेगळाच कनेक्टर आहे.

खेळांसाठी घेऊ नका, डोळे दुखतील. बेसिक या भाषेत प्रोग्राम टाइप करायला झकास. दादाने चष्मा कपाळावर सरकवला, १० लिहिलं आणि नुसतं पी दाबलं. आख्खा 'प्रिंट' शब्द उमटला, इथे एका बटणात पूर्ण आज्ञा असते. "बघ, बोटाला आठवतंय," म्हणाला, आणि माझी खुर्ची घेतली ती जेवायला हाक मारेपर्यंत सोडली नाही.