छोट्या किचनमध्ये टेबलटॉप डिशवॉशर: घ्यावा का, तर आधी हे वाचा

सांगलीत विश्रामबागला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, किचन असं की एक जण पोळ्या लाटत असेल तर दुसऱ्यानं फ्रीज उघडायचा नाही. त्यामुळं मोठा डिशवॉशर हा विषयच नव्हता. आठ प्लेस सेटिंगवाला, म्हणजे आठ माणसांच्या जेवणाची भांडी बसतील असा टेबलटॉप घेतला, पंचवीस हजाराच्या आसपास गेला. आता टेबलटॉप नाव आहे म्हणून ओट्यावर ठेवायला जाल तर फसाल, साधारण ५५ सेंटीमीटर रुंद, ५० खोल आणि ६० च्या जवळपास उंच असं ते धूड आहे, ठेवलं की शेगडी सोडून ओटा संपला. आम्ही कुपवाडला फॅब्रिकेटरकडनं अँगलचं स्टँड करून घेतलं, लॉकवाली चाकं लावून, खालच्या फळीवर कांदे-बटाटे. वापरताना सिंकजवळ ओढायचं, एरवी भिंतीला. स्टँडचा पाया रुंदच करून घ्या, कारण दार पुढं खाली उघडतं आणि भरलेला रॅक बाहेर ओढला की सगळं वजन पुढं येतं, चाकाचं लॉक लावलेलं नसेल तर मशीन चालायलाच लागतं.

फिटिंगला काही तोडफोड नाही, म्हणजे घरमालकाला विचारायचीबी गरज पडली नाही. सिंकखालच्या कॉकला टू-वे, म्हणजे एकाचे दोन फाटे करणारा जोड लावला, इनलेटचा पाइप त्यातनं, आणि ड्रेनचा पाइप वरनं सिंकमध्ये. तो पाइप मात्र नळाला दोरीनं बांधा, पाणी जोरात सुटलं की तो उसळून बाहेर येतो आणि मग फरशीवर गरम खरकटं पाणी. प्लग १६ अँपियरचाच पाहिजे, आत पाणी तापवायची कॉइल असते. दुकानातला पोरगा “कुठंबी चालतंय ओ ताई” म्हणत होता, त्याचं ऐकू नका.

आता खरी गोष्ट. भांडी घासायचे कष्ट वाचतात हे सगळेच सांगतात, मला त्यापेक्षा मोठं वाटलं ते म्हणजे सिंक मोकळं राहतंय. सकाळचे चहाचे कप, पोह्याच्या डिशा, दुपारच्या वाट्या, जे खरकटं होईल ते लगेच आत, दार बंद, रात्री जेवण झालं की एकदाच लावायचं. सकाळी धुतलेली भांडी मांडणीत लावायच्या आधी त्यातनंच काढून वापरतो निम्मी. भांडी निथळायची पाटी ओट्यावरनं गेली, तिथं आता मिक्सर आलाय. म्हणजे मशीननं जेवढी जागा खाल्ली त्यातली बरीचशी परत दिली असं माझं मत, आमच्या ह्यांचं मत वेगळं आहे, त्यांचा गुडघा स्टँडला आपटतो.

स्वच्छ निघतं का? निघतं. कांदा-लसूण चटणीचं तेल, मटणाच्या रश्श्याची तर्री, तुपाची वाटी, ७० डिग्रीच्या प्रोग्रामला काचेसारखं निघतं, हातानं एवढं निघत नाही. नुसतं खरकटं काढून टाकायचं, आधी विसळत बसू नका, विसळायचंच असेल तर मशीन कशाला. पण कुकरच्या डब्याला चिकटून वाळलेला भात, करपलेलं दूध, परातीच्या कडेची वाळलेली कणीक, ही भिजत घातल्याशिवाय निघत नाही.

आणि आपली भांडी ही त्या रॅकच्या हिशोबानं केलेली नाहीत हे धरूनच चाला. ताटं, वाट्या, पेले, डाव, झारा मस्त बसतात. एक मोठं पातेलं घातलं की चार ताटांची जागा गेली. लोखंडी तवा-कढई घातली तर गंजणार, ॲल्युमिनियमचा कुकर काळा पडणार, पितळ-तांब्याची झळाळी जाणार, पोळपाट-लाटणं तडकणार. म्हणजे तवा, कढई, कुकर हे रोज हातानंच, काथ्या काय सुटत नाही. “भांडी घासायचीच नाहीत” ह्या आशेनं कुणी घेत असेल तर घेऊ नका. हळदीच्या गावात राहतो तर तेही सांगते, प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणं पिवळी निघतात ती ह्यात पांढरी होत नाहीत, गच्चीवर उन्हात ठेवा, उन्हानं हळदीचा रंग उडतो.

पाण्याचं बघायला लागतं. नळाला नदीचं पाणी असतं तोवर ठीक, बिल्डिंगचं बोअर चालू झालं की पेल्यांवर पांढरा थर. त्यासाठी मशीनमध्ये सॉल्टची वेगळी टाकी असते, त्यात डिशवॉशरचंच जाड मीठ घालायचं, घरातलं आयोडीनचं बारीक मीठ नाही, आणि पाण्याच्या जडपणाचा आकडा सेट करायचा. कंपनीनं दिलेल्या आकड्यावर आमचं भागलं नाही, वाढवल्यावर थर गेला. साबणाची टॅबलेट महाग पडते, आम्ही पावडर वापरतो, टॅबलेटपेक्षा स्वस्त आणि कमी भांडी असली की कमी घालता येते.

फिल्टर दर दोन-तीन दिवसांनी काढून धुवायचा. कढीपत्ता आणि कोथिंबिरीचे देठ तिथं अडकतात, ते दिसतात तरी. मोहरी मात्र आत फिरून पाणी उडवणारा पंखा असतो त्याच्या भोकात जाऊन बसते, बरोबर त्याच मापाची, आणि मग वरच्या रॅकमधल्या वाट्या आतनं खरकट्याच राहतात. पंखा हातानं निघतो, टूथपिकनं एकेक मोहरी टोकरून काढायची, नळाखाली धरून सगळ्या भोकातनं धार येते का बघायचं.

पाणी एका वेळेला दहा लिटरच्या आत, लाइट एक युनिटच्या आसपास. मध्येच लाइट गेली तर आमचं परत आल्यावर तिथनंच पुढं चालू होतं. इको प्रोग्राम तीन तासाच्या जवळ घेतो, म्हणून रात्रीचंच लावतो. आवाज एवढा नाही, पाणी सोडताना गुळगुळ करतंय तेवढंच.

एकच राग आहे, सर्व्हिस. सांगलीत माणूस नाही, कोल्हापूरहून येतो, आणि तोही तिकडच्या चार-पाच तक्रारी जमल्यावर. घ्यायच्या आधी दुकानात कोणता माणूस येणार आणि कुठनं, हे नक्की विचारून घ्या.

आणि टॉप फ्लोअरला राहत असाल तर आधी प्रेशर बघा. टाकी डोक्यावरच असते, उंची मिळत नाही, किचनच्या नळाला धार बारीक असेल तर मशीन पाणी येत नाही म्हणून एरर दाखवून थांबतं. तसं असेल तर ज्यात पाणी जगनं ओतायचं असतं असं टाकीवालं मॉडेल मिळतं ते बघा, त्यात भांडी कमी बसतात पण नळाची भानगड नाही.